चौदा नंबरचा शब्द

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खोली दिसते. फार तर चार खाटा मावतील एवढी. भिंतींना छतापर्यंत भोकाभोकांचे मऊ तक्ते ठोकलेले, त्यामुळे आत टाळी वाजवली तर ती जागच्या जागी मरते. टाळ्यांवर पोट भरलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती खोली म्हणजे शिक्षाच होती. डाव्या हाताला काच, काचेपलीकडे निवेदक. दारावर लाल दिवा. आणि मधोमध लांब टेबलावर, एकमेकांपासून सव्वाचार फुटांवर ठेवलेली दोन ध्वनिमुद्रण यंत्रं. एका यंत्रातून तपकिरी फीत निघते, हवेतून ताठ चालत जाते आणि दुसऱ्यात शिरते. पहिल्या यंत्रात बोलणं भरलं जातं, दुसऱ्यातून ते गावाला ऐकू येतं. मधलं अंतर कापायला फितीला सात सेकंद लागतात.

त्या फितीसमोर, उशी घातलेल्या खुर्चीवर एक बाई बसल्या आहेत. डोळे मिटलेले, कानांवर जाडजूड हेडफोन, पायांत रबरी चपला, कारण चपलेचा आवाज त्यांना स्वतःलाच सहन होत नसे. उजव्या हाताचं मधलं बोट एका लाल बटणावर टेकलेलं. डाव्या हातात टोक काढलेली पेन्सिल. बाई डावखुऱ्या होत्या. त्या कामासाठी देवाने त्यांना मुद्दाम तशा घडवल्या असाव्यात.

हजेरीपटावर त्यांचं नाव काय होतं ते असो, केंद्रात सगळे त्यांना सेकंदबाई म्हणत.

त्या रेडिओ केंद्रावर सकाळी आठ ते नऊ ‘निरोप’ नावाचा कार्यक्रम लागायचा. लोक फोन करून आपल्या माणसाला निरोप द्यायचे. किल्ली शेजारच्यांकडे ठेवली आहे, इथपासून तुझ्यावरचा राग गेला, आता घरी ये, इथपर्यंत. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तो एक तास रेडिओ चालू असे. पण माणूस फोनवर आपल्या माणसाशी बोलायला लागला की त्याला गावाचा विसर पडतो. एकदा एका जावयाने सासऱ्याला, आणि पुढच्याच महिन्यात एका सासऱ्याने जावयाला, अशा दोन अस्सल शिव्या थेट हवेत गेल्या. वरच्या कार्यालयाकडून दोन ताकिदी आल्या. तिसरी आली की थेट प्रक्षेपण बंद, असा नियम. तेव्हा ही दोन यंत्रांची युक्ती निघाली आणि बटणावर बसायला सेकंदबाई आल्या.

त्याआधी त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. एकोणीस वर्षं गावाचं बोलणं कानांतून गेलं आणि एक अक्षर तोंडातून बाहेर आलं नाही. एक्सचेंज स्वयंचलित झालं तसे त्यांचे कान मोकळे झाले. केंद्रप्रमुखांनी ते उचलले. आयुष्यात एवढी शहाणी निवड त्यांनी दुसरी केली नाही, असं त्यांच्या बायकोसकट सगळ्यांचं मत होतं.

काम असं. वाईट शब्द आला की बटण दाबायचं. बटण दाबलं की मागचे सात सेकंद गळायचे आणि त्यांच्या जागी बासरी वाजायची. बासरी सुरेख होती, पण तिने गावाची अब्रू घालवली. बासरी म्हणजे शिवी, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं. ‘त्यांच्या घरात दिवसभर बासरी वाजत असते’ असं लोक एकमेकांच्या संसाराबद्दल बोलायला लागले.

कोणते शब्द वाईट, ते एका हिरव्या पुस्तकात दिलं होतं. शेवटी परिशिष्ट, परिशिष्टात बत्तीस शब्द, प्रत्येकाला नंबर. कार्यालयात ते शब्द उच्चारायला मनाई, म्हणून सगळे नंबरांनी बोलत. होताहोता तीच तिथली भाषा झाली. एकदा एक कारकून रडकुंडीला येऊन प्रमुखांकडे गेला, की तारवाला मला भर जेवणाच्या सुट्टीत एकवीस म्हणाला. तारवाला म्हणजे तिथला तंत्रज्ञ. त्याने कान धरून सांगितलं, साहेब, मी फक्त सतरा म्हणालो, हा वाढवून सांगतोय.

पण खरी गंमत होती ती सेकंदबाईंच्या नोंदवहीची. नियमाप्रमाणे चार रकाने: वेळ, कोण बोललं, ऐकलेला मजकूर जसाच्या तसा, केलेली कृती. तिसऱ्या रकान्यात नंबर चालत नसे. काय ऐकलं ते अक्षरशः लिहायचं. बाईंचं अक्षर मोत्यासारखं. ज्यांच्या तोंडून ‘मेला’ एवढाही शब्द कुणी ऐकला नव्हता, त्या बाईंच्या हातचा गावातल्या शिव्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत सुवाच्य संग्रह त्या वहीत होता. ओळी सरळ, काना-मात्रा जागच्या जागी, खाली सही.

माझी त्यांची ओळख त्या वहीनेच झाली. आमची नाटक मंडळी बंद पडून वर्ष झालं होतं. जुन्या कलावंतांना माझा निरोप द्यायला मला बोलावलं. मी रंगात आलो. आमच्या एका लबाड व्यवस्थापकाची आठवण निघाली आणि रंगभूमीच्या सवयीने जीभ घसरली. घरी आलो तर बहीण म्हणाली, तू छान बोललास, पण मध्ये बासरी का लावली होती? मी तावातावाने केंद्रावर परत गेलो. बाईंनी वही माझ्याकडे फिरवली. आठ वाजून बारा मिनिटं, एक ज्येष्ठ नट, आणि पुढे माझे शब्द. माझे संवाद इतक्या देखण्या अक्षरात आयुष्यात कुणी उतरवून घेतले नव्हते. माझा राग पळाला. मी म्हटलं, बाई, एवढं लिहिलंत, एकदा वाचून तरी दाखवा.

“वाचता येतं ना तुम्हाला, नटबुवा?” त्या म्हणाल्या. “मग वाचून घ्या.”

तेव्हापासून मी केंद्रावर येत-जात राहिलो आणि त्यांच्या तोंडून एक तरी शिवी ऐकायची, हा माझा छंद झाला. पायावर पेपरवेट पडला, शेवटची बस चुकली, प्रमुखांनी रजा नाकारली, प्रत्येक वेळी मी आशेने त्यांच्याकडे बघायचो. बाई ओठ मिटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “लिहून देऊ का?”

त्यांच्या कामात विद्या होती. शिवीच्या आधी माणूस वेगळा श्वास घेतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. नेहमीचा श्वास नाकातून येतो, शिवीचा तोंडातून. त्या श्वासावर बाईंचं बोट जागं व्हायचं. आणि डोळे उघडले की शब्द त्यांना समोरून जाताना दिसायचा, म्हणजे त्या फितीवर नेमका कुठे असेल ते कळायचं. हा आत्ता निघाला, हा मध्यावर आला, हा आता पोचेल. नऊ वर्षांत एकही पोचला नाही.

मग तो दिवस आला.

फोन एका म्हाताऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा होता. तिचा धाकटा भाऊ सुतार. डोक्यात रक्ताची गुठळी होऊन दोन महिने इस्पितळात निपचित पडलेला. डोळे उघडे, पण ओळख कुणाची नाही, शब्द नाही. वॉर्डात सकाळी रेडिओ लागतो, असं परिचारिकेने सांगितलं, म्हणून बहिणीने फोन लावला. निवेदकाचं टोपणनाव गोडबोल्या. त्याने आपल्या पाकातल्या आवाजात सांगितलं, बोला आजी, भाऊ ऐकताहेत.

आजी बोलल्या. तुझ्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालतेय. तुझा रंधा मागायला आला होता एक जण, मी दिला नाही. तुझ्या खोलीचं दार फुगलंय, लागत नाही, दुसऱ्याच्या घरची दारं नीट करत फिरलास जन्मभर. मग त्या थांबल्या. तोंडाने श्वास घेतला. म्हणाल्या, “ऊठ आता,” आणि पुढे एक शब्द. परिशिष्टातला चौदावा. तो मी इथे लिहीत नाही. भाऊ चार वर्षांचा होता तेव्हापासून त्या त्याला त्याच शब्दाने उठवत आल्या होत्या. कुठल्याशा हमालाच्या तोंडून उचललेला, अर्थही न कळता. पुढे अर्थ कळला, पण तोवर ते भावाचं नाव झालं होतं.

शब्द पहिल्या यंत्रातून निघाला. सव्वाचार फूट चालला. दुसऱ्या यंत्रात शिरला. बासरी वाजली नाही. साऱ्या गावाने न्याहारी करता करता चौदा नंबर स्वच्छ ऐकला.

काचेपलीकडे गोडबोल्याचं तोंड उघडंच राहिलं. सेकंदबाईंनी पेन्सिल उचलली आणि नोंद केली. आठ वाजून एकतीस मिनिटं. रुग्णाची बहीण. मजकूर जसाच्या तसा. चौथ्या रकान्यात लिहिलं: ‘ऐकलं. दाबलं नाही.’ खाली सही.

तिसऱ्या दिवशी एक लेखी तक्रार आली आणि तिच्यामागून वरच्या कार्यालयाचा फोन. सुनावणी ठरली. आता दोन गोष्टी टांगणीला लागल्या होत्या, ‘निरोप’ आणि बाईंची खुर्ची. केंद्रप्रमुख माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना दार लावून सांगितलं, की यंत्रातला बिघाड असेल तर नियमाप्रमाणे ती ताकीद धरत नाहीत. तारवाल्याने तर बटणच उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, बाई, आतली पट्टी मी आत्ता वाकवतो, जन्मात कुणाला कळणार नाही. फक्त वहीतलं ते पान बदला. कार्यक्रम वाचतो, तुम्ही वाचता, माझ्या बापाचं काय जातं.

बाईंनी बटण त्याच्या हातात परत दिलं आणि उद्या सकाळी आठच्या आत बसवून ठेव म्हणाल्या.

तक्रारी ऐकायला तिघांची समिती असे: एक निवृत्त मुख्याध्यापक, एक डॉक्टरीणबाई आणि कलावंतांतर्फे मी. मला का घेतलं होतं, तर या विषयातला एक तरी जाणकार हवा, असं प्रमुखांचं म्हणणं होतं. आम्ही तिघे टेबलाच्या एका बाजूला, सेकंदबाई दुसऱ्या बाजूला, मांडीवर वही. मी रंगमंचावर शेकडो न्यायालयं पाहिली, त्यांत न्यायाधीशही झालो, पण खऱ्या न्यायाला बसलो ते त्या दिवशी.

तक्रारदार चष्म्यांचा दुकानदार होता. मला वाटलं होतं कुणी खडूस निघेल, तर माणूस साधा, मवाळ. त्याने सांगितलं, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ती रोज दूध पिताना ‘निरोप’ ऐकते. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने शिक्षिकेला म्हटलं, ऊठ आता, आणि पुढे तो शब्द. शिक्षिकेला लागलं. मुलीला कोपऱ्यात उभं केलं, ती अजून शाळेत जायला रडते. मला कुणाची नोकरी घालवायची नाही, पण त्या बटणावर कुणीतरी असतं म्हणूनच मी तिच्यासमोर रेडिओ लावतो. शिक्षिकेला ‘ऊठ’ म्हणायची पाळी का आली, हा प्रश्न मला पडला होता, पण मुख्याध्यापकांनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

मग मुख्याध्यापक बाईंकडे वळले. त्यांना बाईंना वाचवायचं होतं. शिक्षक जसा आवडत्या विद्यार्थ्याला प्रश्नातच उत्तर सुचवतो, तसं ते म्हणाले, सात सेकंद म्हणजे काहीच नाही हो. शब्द कळेकळेपर्यंत वेळ गेला असेल आणि हात बटणापर्यंत पोचला नसेल.

“पोचला होता,” सेकंदबाई म्हणाल्या. “बोट बटणावरच होतं. मी आधी हाक ऐकली, साहेब. शब्द मागाहून कळला. तोवर फीत तीन फूट गेली होती.”

“म्हणजे वेळ उरला नव्हता,” मुख्याध्यापक घाईने म्हणाले.

“उरला होता. दोन सेकंद. दाबता आलं असतं.”

मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की मग का दाबलं नाही?

बाईंनी जरा वेळ घेतला. त्यांच्या मानाने फारच, सातापेक्षा नक्की जास्त. मग म्हणाल्या, “एक्सचेंजमध्ये पलीकडचा माणूस बोलत नसला तरी तार काढायची नाही, अशी आम्हाला शिकवण होती. तो ऐकत असतो. त्या बाई दोन महिन्यांनी भावाला त्याच्या नावाने हाक मारत होत्या. मी तार काढली नाही.” आणि मग दुकानदाराकडे वळून म्हणाल्या, “तुमच्या मुलीचं मात्र माझ्यामुळे झालं. त्याला माझ्याकडे जबाब नाही.”

दुकानदाराने फक्त एवढंच मागितलं, की पुन्हा असं होणार नाही, असा शब्द द्या. सोपं होतं. दिला असता तर तो तिथेच तक्रार मागे घेणार होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाई म्हणाल्या, तसा शब्द देता येत नाही.

आम्ही तिघे बंद खोलीत दोन तास बसलो. मी बाईंच्या बाजूने जे भाषण केलं, ते माझ्या कारकिर्दीतलं उत्तम भाषण होतं आणि त्याचा शून्य परिणाम झाला. डॉक्टरीणबाई तेवढा वेळ हिरवं पुस्तक वाचत होत्या. एकतिसाव्या पानावर त्यांना एक कलम सापडलं. केंद्राने माणूस, यंत्र आणि नोंद या तिन्हींची व्यवस्था चोख ठेवली असेल आणि तरी कर्मचाऱ्याने जाणूनबुजून नियम मोडला असेल, तर दोष कर्मचाऱ्याचा, कार्यक्रमाचा नव्हे. चोख व्यवस्थेचा पुरावा काय, तर बाईंची वही. ‘ऐकलं. दाबलं नाही.’ पान बदललं असतं, तर यंत्र तपासायला वरून माणूस येणारच होता, आणि तारवाल्याची वाकवलेली पट्टी त्याच्यापुढे किती टिकली असती, ते तारवाल्यालाच ठाऊक.

तर ‘निरोप’ राहिला. बाई बटणावरून गेल्या. त्यांना जुन्या फितींच्या कपाटांकडे बसवलं, तळमजल्यावर, जिथे कुणी बोलायला नाही आणि ऐकायलाही. मला वाटलं, खचतील. निकाल ऐकून त्या म्हणाल्या, बरोबर आहे, आणि आपली उशी काखेत मारून जिना उतरल्या. तारवाला मागे वही घेऊन चालला होता. त्याच्या तोंडून सगळे नंबर क्रमाने निघत होते, आणि तो रडतही होता.

आजींनी पुढेही दर सोमवारी फोन केला. बटणावर आता नवा माणूस होता, नियमाला पक्का. ‘ऊठ आता’ झालं की बासरी. आजींना कुणीतरी समजावलं, की तो शब्द नका म्हणू, नाहीतर बासरी वाजते. त्या म्हणाल्या, वाजू दे, त्याला कळतं खाली काय आहे ते. त्याला कळलं की नाही, देव जाणे. तो आणखी पाच महिने तसाच होता. सोमवारी सकाळी रेडिओ लागला की मान खिडकीऐवजी रेडिओकडे असायची, एवढं परिचारिकेने सांगितलं, आणि तिने त्याहून जास्त काही सांगितलं नाही म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवतो. तो गेल्यावर आजी केंद्रावर आल्या, जिना उतरून तळमजल्यावर गेल्या आणि भावाचा रंधा सेकंदबाईंच्या टेबलावर ठेवला. त्याचं काय करायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं. शेवटपर्यंत तो कागद उडू नयेत म्हणून वापरला गेला.

निवृत्तीनंतर बाई भाच्याकडे राहिल्या, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडे गॅलरी असलेल्या घरात. दर पंधरवड्याने मी जायचो. ते कान हळूहळू गेले. ज्यांना शिवीच्या आधीचा श्वास ऐकू यायचा, त्यांना दाराची घंटा ऐकू येईना. त्या म्हणायच्या, वाटणीचं सगळं ऐकून झालं, आता इतरांना ऐकू दे. मी ओरडून बोलायचो. भाच्याची बायको म्हणायची, काका, तुमचं बोलणं खालच्या वाण्यालाही पाठ झालंय. मी जुना छंद सोडला नव्हता. बाई, आता तर बटणही नाही, एकदा होऊन जाऊ द्या, असं म्हणायचो. बाई ओठांकडे बघून समजायच्या आणि हवेत पेन्सिल धरल्यासारखा हात करायच्या.

गेल्या खेपेला आमचं बोलणं कमी झालं. मी निघालो, जिना उतरलो, रस्त्यावर आलो. टोपी वरच राहिली होती, ते मला ठाऊक नव्हतं. वरून कुणीतरी माझ्या टोपणनावाने ओरडल्यासारखं वाटलं, पण वाहनं जात होती, मी चालत राहिलो. मग पुन्हा आवाज आला. मान वर करून पाहिलं, तर बाई गॅलरीच्या कठड्यावर वाकलेल्या, हातात माझी टोपी. आपला आवाज केवढा मोठा लागतो आहे, हे त्यांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. वाणी बाहेर आला. समोरच्या शाळेतल्या पोरी थांबल्या. बाईंनी तोंडाने श्वास घेतला. तो मला खालून दिसला.

त्यानंतर बारा दिवसांनी त्या गेल्या. म्हणजे माझ्यासाठी ते त्यांचं शेवटचं बोलणं. चौदा नंबर मी इथे लिहिणार नाही असं वर म्हटलं होतं खरं, पण तिसऱ्या रकान्यात नंबर चालत नाही, ही शिकवण त्यांचीच. तेव्हा जसं ऐकलं तसं लिहितो. वेळ, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. बोलणाऱ्या, सेकंदबाई. मजकूर:

“टोपी राहिली की रे, भाडखाऊ.”